नासका ठसा

आमच्या कारखान्यात माझ्या प्रयोगशाळेला कोणी प्रयोगशाळा म्हणत नसे, मोडतोड खातं म्हणत. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसले की पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "कप नीट धरा रे, मॅडम आल्या." मी हसायचे, कारण त्यात खोटं काही नव्हतं. सिन्नरच्या आग्नेय टर्बाइन्समध्ये बाकी सगळे पाती बनवायचे आणि मी ती मोडायचे, आणि वर त्याचा पगार घ्यायचे.

पातं म्हणजे विमानाच्या इंजिनातलं टर्बाइनचं पातं. तळहातावर मावेल एवढं. हल्ली तालुक्यातालुक्यातून जी छोटी हायड्रोजनवरची विमानं उडतात, पेशंट घेऊन, औषधं घेऊन, त्यांच्या इंजिनात धातू वितळावा इतकी आच असते. तरी पातं वितळत नाही, कारण त्याच्या अंगावर झिर्कोनियाचा, म्हणजे चिनीमातीच्या जातकुळीतल्या एका पदार्थाचा थर असतो. लग्नपत्रिकेच्या कागदाएवढा जाड. तो थर आहे तोवर पातं आहे. थराचा टवका उडाला की खालचा धातू उघडा पडतो, मऊ होतो, पातं तुटतं, आणि तुटलेलं पातं इंजिनात काय करतं ते सांगायला नको.

म्हणून माझ्या खात्याचा प्रश्न एकच असायचा. या थरात तडा गेला, तर तो तिथेच थांबेल की पळत सुटेल? तडा थोपवण्याच्या गुणाला आम्ही चिवटपणा म्हणतो. कडकपणा वेगळा, चिवटपणा वेगळा. चिक्की कडक असते, म्हणून काही ती चिवट नसते. हा चिवटपणा मोजायची रीत जुनी आहे. पात्याचा तुकडा कापायचा, राळेत बसवायचा, आरशासारखा घासायचा, आणि हिऱ्याचं टोक त्यावर ठरावीक जोराने दाबायचं. चौकोनी ठसा उमटतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून चार तडे निघतात. तडे आखूड, तर थर चिवट. लांब, तर ठिसूळ. हिरा दाबायचं आमचं यंत्र वजनांवर आणि खटक्यावर चालायचं, त्याला वीजसुद्धा लागायची नाही. त्याला सगळे टोच्या म्हणायचे.

गोची एवढीच, की ज्या पात्याचा चिवटपणा कळला ते पातं कामातून गेलं. 'ठसा उमटलेले पाते इंजिनात बसणार नाही' अशी पाटीच होती आमच्या दारावर. म्हणजे आम्ही मोडलेल्या पात्यावरून त्याच्या भावंडांची खात्री द्यायचो.

आणखी एक नियम होता, तो पाटीवर नव्हता, हातात मुरलेला होता. कधीकधी हिरा दाबला की चार नेटके तडे निघतच नाहीत. ठशाभोवतीचा थर टवका होऊन उडतो. तडाच नाही, तर लांबी कशाची मोजणार? असा ठसा नासका म्हणायचा, जरा बाजूला सरकून दुसरा घ्यायचा, आणि चांगले येतील तेवढेच धरायचे. नारळ नासका निघाला की आपण दुसरा आणतो, तसंच ते. माझ्या गुरूंनी मला हे शिकवलं, मी पोरांना शिकवलं, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

नारळावरून श्रीरंगचं सांगायला हवं. श्रीरंग चांदवडकर माझा नवरा, आणि आग्नेयमध्येच संशोधन विभागाचा प्रमुख. नाशिकच्या बाजारात नारळवाले त्याला लांबून ओळखतात. नारळ कानाशी धरणार, नखाने टिचकी मारणार, खाली ठेवणार, दुसरा उचलणार. मागे माणसं खोळंबलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्याने निवडलेला नारळ सहसा नासका निघत नसे, हेही खरं.

त्या सवयीतूनच त्याचं यंत्र जन्मलं. त्याचं नाव कानोसा. पात्याला लेझरची एक टिचकी मारायची. पातं झंकारतं, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या स्वरात. कानोसा तो झंकार ऐकतो आणि चिवटपणाचा आकडा सांगतो. पात्याला ओरखडासुद्धा नाही. त्याला ऐकायला शिकवलं माझ्या खात्याने. ढीगभर तुकडे आधी त्याला ऐकवायचे, मग टोच्याखाली मोडायचे, आणि कोणत्या आवाजाला किती चिवटपणा ते सांगायचं. पठ्ठ्या शिकला. पुढे पुढे तर आम्ही तुकडा मोडायच्या आधीच आकडा सांगायचा आणि तो बरोबर यायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी सगळ्या खात्यासमोर श्रीरंगला मिठी मारली होती. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते हेव्यापोटी केलं असं म्हणणारे बरेच निघाले.

भाद्रपद संपता संपता जहागीरदार माझ्या खोलीत आले. जहागीरदार आमचे संचालक. माणूस वाईट नव्हे, फक्त त्यांना थांबलेली कुठलीच गोष्ट बघवत नाही.

"केतकीताई, आता कापाकापी बंद," ते म्हणाले. "ठरलेले तास उडाली की आपण चांगली पाती भंगारात टाकतो. आता नाही टाकायची. कानोसा ऐकेल, तो बरी म्हणाला की परत इंजिनात. नवी पाती बनेपर्यंत विमानं उभी राहतात हो. किनवटला, भामरागडला पेशंट स्ट्रेचरवर पडून असतो आणि आपण म्हणतो, पाती नाहीत."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

"पहिला संच तयार आहे. दोन हंगाम उडून आलेला. खंडेनवमीला पूजा झाली की इंजिनात जाईल. तुमची सही लागेल, की कानोशाचा शब्द तो टोच्याचा शब्द. दसऱ्यानंतर तुमचं खातं मिटवू. प्रशिक्षणाला तुमच्यासारखं माणूस हवंच आहे."

खातं मिटणार म्हणून वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मी सहीला नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी आकडे बघते.

आकडे बघितले आणि मी खुर्चीत सरळ बसले. दोन हंगाम आगीत राहून आलेली ती पाती कानोशाच्या मते कोऱ्या पात्यांहून चिवट होती. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच.

"आपल्या मातीत मुरली ती," श्रीरंग खूष होऊन म्हणाला. "लोणच्यासारखी. मुरल्यावर चव येते."

मी भिंगाखाली एक पातं धरलं. त्याच्या पुढच्या कडेवर पिवळट तपकिरी चकाकी होती, चिनीमातीच्या बरणीवरच्या झिलईसारखी. ही चकाकी कुठली ते कळायला मला वेळ लागला नाही. ही विमानं मुरमाच्या धावपट्टीवर उतरतात. आपला मुरूम म्हणजे काळ्या कातळाचा भुगा, आणि काळा कातळ म्हणजे एके काळचा लाव्हा. इंजिनात गेला की तो पुन्हा वितळतो. आणि आमचा थर आतून अनारशासारखा जाळीदार असतो. मुद्दाम तसा करतात, तापल्यावर त्याला थोडं फाकता यावं, निवल्यावर मिटता यावं म्हणून. त्या जाळीत वितळलेला मुरूम पाकासारखा उतरला आणि थिजला, तर थर फाकणार कसा? तो कडक होणार. खणखणीत वाजणार. आणि चिवट?

"मला यातलं एक पातं कापू द्या," मी जहागीरदारांना म्हटलं.

"ताई, एकही पातं न मोडता काम होतं हेच तर दाखवायचंय आपल्याला. तेच मोडून कसं दाखवणार?"

"मग खरं-खोटं कळणार कसं?"

"कानोसा आहे ना."

साक्षीदार खरं बोलतोय का, ते साक्षीदारालाच विचारा म्हणण्यासारखं झालं. भंगारातली जुनी पाती मागितली, तर ती वितळवून नवी ओतायला कधीच गेली होती. दोन हंगाम उडालेली म्हणून जी काय पाती होती, ती त्या एका संचात.

घरी सकाळी डबे भरताना मी विषय काढला. श्रीरंग कोथिंबीर निवडत होता.

"तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. एकच पातं मागतेय मी."

"काय सांगू? माझ्या यंत्रावर माझाच भरवसा नाही म्हणून?"

"दोन हंगाम भट्टीत राहून वस्तू जास्त चिवट झाली, हे तुला पटतंय?"

"निसर्गात होतं असं. वीट भाजली की पक्की होते." त्याने कोथिंबिरीच्या काड्या बाजूला केल्या. मग म्हणाला, "केतकी, रागावू नकोस. पण तुझं खातं बंद होतंय म्हणून तुला हे असं दिसत नाहीये ना?"

मी डब्याचं झाकण लावलं. ते लागेना, म्हणून पुन्हा लावलं. इतक्या वर्षांत या माणसाने मला असं काही म्हटलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट हे, की दिवसभर मी स्वतःला तोच प्रश्न विचारत राहिले. खरंच, मला माझी खुर्ची दिसतेय का मुरूम? संध्याकाळी पुन्हा भिंगाखाली बघितलं. मुरूमच होता.

मी सही केली नाही. जहागीरदारांनी दोनदा माणूस पाठवला, मी दोनदा चहा पाजून परत पाठवला. तिसऱ्यांदा निरोप आला, की सही पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर होईल. म्हणजे चारचौघांत मी नाही कसं म्हणेन, असा त्यांचा हिशेब.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद असतात. आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवतात, त्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, पेढे. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा. कोणी साधा पाना उचलत नाही. माझ्या खात्यात टोच्याला माळ घातली होती, शेजारी कानोशाला त्याहून जाड माळ. मध्ये पितळी परातीत त्या संचाची पाती मांडली होती, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. शेजारी ताटात नारळ. अख्खा कारखाना दारापर्यंत दाटला होता. श्रीरंग नवा कुर्ता घालून आला होता. सकाळपासून आम्ही एकमेकांशी मीठ-साखरेपलीकडे बोललो नव्हतो.

आरती झाली. जहागीरदारांनी पेन पुढे केलं. "घ्या ताई. शुभ दिवस आहे."

मी पेन घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि परातीतलं एक पातं उचललं.

"सही करते," मी म्हटलं. "टोच्याला विचारून."

आमचे जुने फिटर त्र्यंबक वाजे टोच्याची देखभाल करायचे. ते पुढे आले. "मॅडम, आज मशीनला हात नस्तो लावायचा. खंडेनवमी हाये."

"माहितेय, वाजेकाका. पण आज विचारलं नाही तर उद्या विचारायला काही राहणार नाही."

ते बाजूला झाले. मी पात्याच्या कडेजवळची एक चकाकती जागा हिऱ्याच्या भुकटीच्या कागदाने हाताने घासली. एरवी या कामाला राळ, चक्री आणि दोन दिवस लागतात. पण ठसा घेण्यापुरती सपाटी हातानेही येते. तेवढ्या वेळात जहागीरदार "अहो, हे काय चाललंय" असं तीनचार वेळा म्हणाले, पण चारचौघांत हात धरणार कसा? त्यांचाच हिशेब त्यांच्यावर उलटला होता.

आधी कोऱ्या थराच्या नमुन्यावर एक ठसा घेतला. यंत्र ठीक आहे की नाही, ते बघायची रीत आहे. चार कोपरे, चार आखूड तडे. मी श्रीरंगला भिंगातून बघायला लावलं. त्याने मान डोलावली.

मग पातं मेणाच्या गादीवर बसवलं आणि खटका ओढला.

बारीकसा आवाज आला. पापड मोडावा तसा.

श्रीरंगने भिंगाला डोळा लावला. "नासला," तो म्हणाला. "बाजूला सरकून घे."

मी सरकून घेतला. पुन्हा तोच आवाज.

"हाही नासला. धरायचा नाही. आणखी घे."

तो मला वाचवायला किंवा हरवायला बोलत नव्हता. सवयीने बोलत होता. मीच असते तर हेच म्हटलं असतं. मी पातं पुसलं, घासत गेले, सरकत गेले, दाबत गेले. दर वेळी टवका. दर वेळी त्याचं "नासला," पण आवाज बारीक होत चाललेला.

"अजून जरा..." तो म्हणाला.

"किती सरकू, श्रीरंग?" मी म्हटलं. "पातं संपलं."

तो भिंगावरून उठला नाही. वाकलेलाच राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, मानेवर आलेला घाम दिसत होता.

"हे कानोशाने कधी ऐकलेलंच नाही," तो बोलला, आणि ते मला नाही, स्वतःलाच सांगत होता. "नासके आपण धरले नाहीत. जो थर मोजता येण्याआधीच फुटतो, तो आपण त्याला शिकवलाच नाही. नेटका तडा देणारेच तुकडे त्याला ठाऊक. त्यांच्यात जो जास्त खणखणीत वाजला तो जास्त चिवट होता. म्हणून हा मुरूम प्यालेला थर खणखणीत वाजला, आणि याने त्यालाच चिवट म्हटलं."

चूक कोणाची म्हणाल? नियमाची. आणि नियम आमचाच. नासका ठसा म्हणजे न झालेलं मोजमाप, असं आम्ही समजत होतो. तेच खरं मोजमाप होतं. थर ओरडून सांगत होता आणि आम्ही म्हणत होतो, हे काही धरायचं नाही.

जहागीरदार मात्र सावरले. "एका पात्याचं झालं हे," ते म्हणाले. "आणि तुमच्याच नियमाने बोलायचं तर मोजमाप काय झालं? काहीच नाही. आकडा कुठाय? आकडा फक्त कानोशाकडे आहे. त्या एका पात्याच्या जागी नवं घालू. वाजे, परात उचला. इंजिनवाले थांबलेत."

यात चूक काढायला जागा नव्हती. आकडा खरंच माझ्याकडे नव्हता. समिती नेमून, तुकडे कापून, महिन्या-दोन महिन्यांनी तो मी दिला असता, आणि तोवर परातीतली पाती किनवटच्या आभाळात असती. माझी नजर दारावरच्या पाटीवर गेली. तिथे आकड्याचं काही लिहिलेलं नव्हतं. ठसा उमटलेले पाते इंजिनात बसणार नाही, एवढंच होतं.

मी परात स्वतःकडे ओढली.

"केतकीताई." त्यांना उशिरा पण कळलं. "ते करू नका. एकाही पात्याला हिरा लागला तर उद्यापासून तुम्ही या दारातून आत येणार नाही."

"उद्या दसरा आहे, साहेब. सुट्टीच आहे."

"मी मस्करी करत नाहीये. तुम्ही विमान जमिनीवर बसवताय. तिकडे पेशंट मेला तर तो तुमच्या माथी."

हे लागलं, कारण हेही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "असू दे माझ्या माथी. उभं राहिलेलं विमान पुढच्या महिन्यात उडतं. पडलेलं नाही उडत. आणि त्यात पेशंट असतो, डॉक्टर असते, वैमानिक असतो. ते कोणाच्या माथी घालायचं, ते आधी ठरवा."

मी दुसरं पातं घेतलं. मेणावर ते नीट बसेना. तेवढ्यात श्रीरंग उभा राहिला आणि परातीकडे आला. मला वाटलं, आता हा परात उचलणार. त्याचं यंत्र, त्याची सगळी उमेद त्या परातीत होती. उचलली असती तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

त्याने एक पातं उचललं. त्यावरचं कुंकू नव्या कुर्त्याच्या बाहीने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे," तो म्हणाला.

मी खटका ओढला. टवका उडाला. त्याने ते पातं बाजूला ठेवून पुढचं दिलं.

"चांदवडकर, तुम्हीसुद्धा?" जहागीरदार म्हणाले.

"मी ऐकायला शिकवलं त्याला, साहेब," श्रीरंग म्हणाला. "अर्धवट शिकवलं. आता पुरं शिकवतो." आणि मला म्हणाला, "केतकी, टवके टाकू नकोस. सगळे लागतील."

वाजेकाका पुढे झाले. आता हे थांबवतात की काय, असं वाटलं. त्यांनी टोच्याच्या गळ्यातली झेंडूची माळ हळूच काढली आणि खुंटीला अडकवली. "खटक्यात गुततीय," ते म्हणाले.

मग आम्ही तिघांनी मिळून परात रिकामी केली. श्रीरंग देत होता, मी दाबत होते, वाजेकाका टवके डबीत गोळा करत होते. एकाही पात्याने नेटका तडा दिला नाही. शेवटी शेवटी दारातली माणसंच आवाज झाला की "नासला" म्हणायला लागली. जहागीरदार फोनवर बोलत बाहेर गेले. कोणाशी आणि काय, ते मला दसऱ्यानंतर कळणारच होतं आणि कळलंही. त्याचं रडगाणं इथे गात नाही.

पूजेचा नारळ फोडायचा राहिलाच होता. श्रीरंगने तो ताटातून उचलला, सवयीने कानाशी नेला, नख पुढे केलं. तिथेच त्याचा हात थांबला. टिचकी न मारताच त्याने नारळ खाली घेतला आणि माझ्या हातात दिला.

"तू फोड," तो म्हणाला.